चाकोरीबाहेरचे चाक

चाकोरी हा शब्द आजच्या मराठीत ठरीव, सवयीच्या जगण्यासाठी वापरला जात असला तरी त्याचा मूळ अर्थ जमिनीवरचा आहे. मऊ मातीवरून एकाच मापाच्या गाड्या वर्षानुवर्षे जात राहिल्या म्हणजे चाकांखाली ज्या दोन समांतर खोल घळ्या पडतात, त्यांना चाकोरी म्हणतात. तापीच्या खोऱ्यातील काळ्या कपाशीच्या जमिनीत ही चाकोरी पावसाळ्यात चिखलाने भरते आणि दिवाळीनंतर वाळून इतकी टणक होते की, तीत शिरलेले चाक ती नेईल तिकडेच जाते. एकदा पडलेली चाकोरी पुढच्या गाडीच्या दोन चाकांतले अंतर ठरवते आणि ती गाडी पुन्हा तीच चाकोरी अधिक खोल करते. परिणामी ज्याच्या गाडीचे माप परक्या मुलखातले असे, त्याचे एक चाक घळीत आणि दुसरे उंचवट्यावर चालून गाडी कलंडण्याची पाळी येई. चाकाचे प्रमाण माप म्हणजे ते बनवणाऱ्याने नेमून दिलेले माप, अशी आजची समजूत आहे. नंदुरबार परिसरातील चाकांचा इतिहास पाहिला तर मात्र ते माप आधी जमिनीने ठरवले, कारखान्याच्या हाती ते फार उशिरा आले आणि आल्यावरही पूर्णपणे राहिले नाही, असे दिसून येते.

नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. परंतु ज्या वाटांनी त्याला आकार दिला त्या फार जुन्या आहेत. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारा मोगलकालीन व्यापारी रस्ता नवापूर आणि नंदुरबार या गावांवरून जात असे. सतराव्या शतकात या रस्त्याने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये याने मुक्कामांच्या यादीत ही दोन्ही नावे दिली असून नवापूरच्या कस्तुरीसारख्या सुवासाच्या तांदळाचे कौतुक केले आहे. त्याच प्रवासवर्णनात त्याने मालाच्या गाड्यांचे वर्णन केले आहे. एकेका तांड्यात शंभर-दोनशे गाड्या आणि प्रत्येक गाडीला दहा-बारा बैल, आणि अरुंद जागी पाठीवर माल वाहणाऱ्या बैलांचा तांडा समोरून आला तर वाट मोकळी होईपर्यंत दोन-तीन दिवसांचा खोळंबा, असा तो प्रकार होता. एका गाडीला दहा-बारा बैल लागत असत याचे कारण ओझे जितके होते, तितकेच चाकही होते.

भरीव चाकाची परंपरा महाराष्ट्रात किती जुनी आहे, याचा सर्वांत देखणा पुरावा प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना सापडलेल्या काशाच्या शिल्पांत आहे. त्यांतील बैल जुंपलेल्या रथाची चाके आऱ्यांची नसून अखंड आहेत. अशा चाकाचा दोष उघड आहे. ते मजबूत असते, पण स्वतःच एक ओझे असते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दख्खनच्या बऱ्याच भागात अखंड दगडाची किंवा लाकडाची चाके असलेल्या, अनेक बैलांनी ओढायच्या गाड्या वापरात होत्या. त्या काळी मालवाहतुकीचा मुख्य आधार गाडी नव्हतीच, तर लमाणांचे लादणीचे बैल होते. जमीनमोजणी खात्यातील लेफ्टनंट गेस्फर्ड याने १८३० च्या दशकात सोलापूर भागातील टेंभुर्णी येथे हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या आणि शेतकऱ्याला परवडतील अशा गाड्या बनवण्याचा कारखाना काढला, ही मुंबई इलाख्यातील गाडीच्या इतिहासातली मोठी कलाटणी मानावी लागते. दोन बैलांत ओढली जाणारी गाडी सर्वसाधारण कुणब्याच्या दारात येण्याला रस्ता, सारापद्धती आणि बाजारपेठ यांचीही जोड लागली. एकट्या चाकाने ती आली नाही.

खानदेशात या नव्या प्रकारच्या चाकाला साहित्याची वाण नव्हती. सातपुड्याच्या उतारावर तिवस, शिसव, साग आणि अंजन, तर मैदानात हवी तितकी बाभूळ मिळे. चाकाचा मधला गोल ठोकळा, म्हणजे तुंबा, न फुटणाऱ्या गाठाळ लाकडाचा लागे. त्यातून बाहेर निघणारे दांडे म्हणजे आरे ताठ धाग्याच्या लाकडाचे, आणि आऱ्यांची टोके ज्यांत बसतात ते कमानदार तुकडे, म्हणजे पुठ्ठे, चिवट लाकडाचे असत. बहुधा सहा पुठ्ठे आणि बारा आरे, प्रत्येक पुठ्ठ्यात दोन, अशी रचना असे. या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. धाव मुद्दाम चाकाच्या परिघापेक्षा किंचित आखूड बेतली जाई, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवली जाई आणि चाकावर ठोकून लगेच पाणी ओतले जाई. थंड होऊन आकसताना ती आरे-पुठ्ठ्यांचे सगळे सांधे एकत्र घट्ट दाबून बसे. इंग्रजीतला टायर हा शब्द मुळात याच लोखंडी पट्टीसाठी होता, तेव्हा मराठीत टायरला नेमका शब्द आधीपासून होता आणि तो अधिक बोलका होता. धाव किती आखूड घ्यायची हे माप सुताराच्या आणि लोहाराच्या हातात असे. ती फार आखूड झाली तर आरे वाकत, सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकून पट्टी वाटेतच निखळे. खानदेशात हे काम गावच्या लोहाराबरोबरच गाडीलोहार या भटक्या समाजाने केले. त्यांचे नावच गाडीशी बांधलेले आहे.

साडेचार-पाच फूट व्यासाचे हे चाक ओबडधोबड वाटेला साजेसे होते, कारण चाक जितके मोठे तितका खड्डा त्याला लहान. त्याचा आस, म्हणजे दोन्ही चाके जोडणारा दांडा, जमिनीपासून उंच राहत असल्यामुळे चाकोरीच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागत नसे आणि नदीनाल्याच्या उतारावर सामान कोरडे राही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली, तेव्हा खानदेशातील कपाशी याच चाकांवरून जळगाव-भुसावळपर्यंत आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे गेली. पुढे शतकाच्या शेवटी सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग आला आणि नंदुरबार व नवापूर स्थानके झाली. त्यामुळे गाड्यांचे लांबचे प्रवास संपले, पण शेत ते स्थानक ही फेरी वाढली. रेल्वेने बैलगाडी संपवली नाही, तिचे काम तोडून आखूड केले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

रबरी, हवा भरलेल्या धावेची कल्पना मोटारीच्या आधीची आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, आणि त्याने आपली चाके लावली ती घोडागाड्यांना. चार्ल्स गुडइयरने गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत, म्हणजे व्हल्कनायझेशन, शोधून काढल्याला तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती. रबर महाग असल्यामुळे थॉमसनची कल्पना मागे पडली आणि इतकी विसरली गेली की, १८८८ मध्ये बेल्फास्टमधील जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलवरून सुरुवात करून तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली, तेव्हा त्यालाही पेटंट मिळाले. थॉमसनचा दाखला पुढे आल्यावर ते रद्दबातल ठरले. डनलॉप व्यवसायाने गुरांचा डॉक्टर होता. ज्या माणसाचे नाव पुढे महाराष्ट्रातील बैलगाडीला चिकटले, त्याचा चरितार्थ जनावरांवर चालत होता, हा योगायोग इतिहासाला परवडणारा आहे.

डनलॉप कंपनीने १८९८ मध्ये मुंबईत कचेरी उघडली आणि १९३६ मध्ये हुगळीकाठच्या साहागंज येथे तिचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास रस्ते अभियंत्यांपुढे एक प्रश्न उभा होता. मोटारींसाठी खडी दाबून आणि डांबर टाकून केलेले रस्ते बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव कापून काढत होती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला, आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली; या वर्तुळांत बैलगाडीचे चाक हा वारंवार चर्चेत येणारा विषय होता. हिशेब सोपा आहे. समजा, एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि पाच सेंटिमीटर रुंदीची धाव कठीण रस्त्याला चार सेंटिमीटर लांबीवर टेकते; तर २० चौरस सेंटिमीटरवर प्रत्येकी २५ किलो दाब पडतो. त्याच भाराच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो हवा असेल, तर टायर दबून सुमारे १६५ चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो आणि रस्त्यावरचा दाब आठपटींनी उतरतो. रस्त्याचे जे नुकसान टळते तेच शेतातही उपयोगी पडते, कारण रुंद टेकणारा टायर ओल्या काळ्या मातीत कमी रुततो.

अशा रीतीने जी गाडी आली तिला महाराष्ट्रात कोणत्याही सरकारी नावाने ओळखले गेले नाही. ती डनलॉप झाली, किंवा नुसती टायरगाडी. टायर दुसऱ्याच कंपनीचा असला तरी गाडी डनलॉपच राहिली. लाकडी तुंब्यातील वंगणाची, एरंडेल आणि चिंध्यांची जागा पोलादी आस आणि बेअरिंग यांनी घेतली. लाकडी गाडीत साधारण टनभर माल जाई, तिथे टायरगाडीत तेच दोन बैल दीड-दोन टन ओढू लागले. परंतु जुन्या साटीखाली, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीखाली, नवे चाक बसवणे ही केवळ अदलाबदल नव्हती. बैलगाडीच्या टायरांची जी मापे भारतात रूढ झाली त्यांत ६.००-१९, ७.००-१९ आणि ८.००-१९ ही प्रमुख आहेत. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा ज्या लोखंडी कड्यावर टायर बसतो त्या रिमचा व्यास. ८.००-१९ या टायरची उंची सुमारे ३५ इंच भरते, म्हणजे जुन्या चाकापेक्षा ती दीड-दोन फुटांनी कमी. आस तितक्याच प्रमाणात, म्हणजे पाऊण ते एक फूट, खाली गेला, पण बैलांची खांदे-उंची तीच राहिली. जुनी साटी तशीच आसावर ठेवली तर दांड्या जूपर्यंत चढत्या जात आणि भार मागे सरकून गाडी उलाळ होई, म्हणजे पुढून उचलली जाई. उलट ओझे पुढे घेतले तर ती धुरजड होऊन सगळा भार बैलांच्या मानेवर येई. म्हणून आसावर ठोकळे देऊन साटी उचलणे, आस पुढेमागे सरकवणे अशा खटपटी वर्कशॉपमध्ये आणि सुताराच्या अंगणात कराव्या लागल्या. वाहनाच्या मूळ मापाबाहेरचे चाक घेतले की त्याच्याशी जोडलेले सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतात, हा धडा मोटारवाल्यांच्या आधी गाडीवानांना मिळाला.

१९ इंची रिम हाही एक मागे उरलेला अवशेष आहे. १९३०-३१ च्या फोर्ड मॉडेल ए सारख्या मोटारी १९ इंची चाकांवर धावत होत्या. त्या काळाच्या मापावर बैलगाडीचा टायर बेतला गेला; मोटारी पुढे १६, १५, १३ इंचांपर्यंत खाली आल्या, बैलगाडी मात्र जिथे होती तिथेच राहिली. आज महागड्या सेडान पुन्हा १९ इंची रिमवर येतात, तेव्हा फरक एवढाच की बैलगाडीच्या रिमभोवती आठ इंच उंच रबर असते आणि सेडानच्या रिमभोवती चार इंचही नसते.

नंदुरबार परिसरात टायरगाडीचे बस्तान बसले ते मुख्यत्वे ऊस आणि सरकारी योजना यांमुळे. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर येथील सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि नवापूर तालुक्यातील डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या जोडीने टायरगाड्या रांगेत उभ्या राहू लागल्या. गाडी कारखान्याची आणि बैल मजुराचे, अशी महाराष्ट्रभर रूढ असलेली विभागणी या धंद्यात दिसते. मजुराच्या बैलांनी कारखान्याचे चाक ओढायचे आणि भाडेही मजुरानेच भरायचे, हे या प्रगतीच्या कथेतले न सांगितले जाणारे पान आहे. आदिवासी उपयोजनेतील शेतीच्या योजनांतही बैलजोडीबरोबर बैलगाडी हा साहाय्याचा एक प्रकार होता. दुसऱ्या बाजूला दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आणि गुरांच्या बाजारात लाकडी चाकाची गाडी दिसेनाशी होत गेली, आणि तिच्याबरोबर धाव चढवण्याचा हंगामी धंदाही. बेंगळूरच्या भारतीय प्रबंध संस्थेतील एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशपातळीवर मांडला. त्या विचाराचा रोख बैलगाडी मोडीत काढण्यावर नव्हता. ती नीट बनवावी आणि बैलाची ओढाताण कमी करावी, असा होता.

सातपुड्याच्या वरच्या अंगाला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या घाटांत, चाकाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. तोरणमाळ, धडगाव, मोलगी या गावांकडे चढणाऱ्या वळणाच्या रस्त्यांवर माणसे वाहून नेण्याचे काम दीर्घकाळ जीपने केले. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचा टायर ६.००-१६ या मापाचा होता, आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने देशात बांधलेल्या जीपांनी तेच माप पुढे चालवले. योगायोगाने भारतातील बहुसंख्य ट्रॅक्टरांचे पुढचे टायरही ६.००-१६ च असतात. माप एक असले तरी जात एक नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर मातीत दिशा धरून ठेवण्यासाठी लांब उभ्या कडा असतात आणि तो कमी वेगासाठी बनवलेला असतो, तर जीपच्या टायरला घाटात ब्रेक लागताना रस्ता पकडावा लागतो. आकडा जुळला म्हणून एकाचा टायर दुसऱ्याला चढवणे शक्य असते, ते योग्य असतेच असे नाही. टायरच्या कडेवरचे माप तो रिमवर बसेल की नाही एवढेच सांगते. तो तिथे काय करील हे सांगण्यासाठी भारक्षमतेचा आणि वेगमर्यादेचा निर्देशांक स्वतंत्रपणे छापावा लागतो.

सेडान या मोटारीच्या, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बंद गाडीच्या, टायरवर ही भाषा अधिक गुंतागुंतीची होते. २०५/५५ आर १६ या मापात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आर म्हणजे रेडियल, अर्थात ज्यात आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात अशी बांधणी, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदतात, कारण युरोपने रबर मेट्रिकमध्ये आणले तरी रिमचे इंच कोणी सोडले नाहीत. या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो. वेगासाठी बांधलेल्या सेडानला कारखाना मुद्दाम अशी ठेंगणी भिंत देतो, कारण भिंत जितकी ठेंगणी तितकी ती वळणावर कमी लवते आणि सुकाणू चटकन उत्तर देते. सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावर, कोंडाईबारीच्या घाटापासून नवापूरपर्यंत, हा गुण कामाचा असतो. महामार्ग सोडून गावच्या रस्त्याला लागल्यावर मात्र तीच ठेंगणी भिंत खड्ड्याच्या कडेवर चेपते आणि रिम वाकते. म्हणून मूळ रिम तशाच ठेवून २१५/६० आर १६ सारखा मापाबाहेरचा उंच टायर बसवण्याची कल्पना पुढे येते. साडेसहा इंच रुंद रिमवर तो नीट बसतो, परंतु त्याचा व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा पाच टक्क्यांनी अधिक असतो. वेगदर्शक काट्याला हे ठाऊक नसल्यामुळे चाके मूळ हिशेबाने ताशी १०० किलोमीटरच्या गतीने फिरत असतील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०५ ने धावते, पहिल्या गिअरची ओढ तितकीच कमी होते आणि पूर्ण वळण घेताना टायर चाकाच्या कमानीला घासण्याचा संभव राहतो. तीन टक्क्यांच्या आत फरक ठेवावा, हा जाणकारांचा ठोकताळा त्यातूनच आला आहे. कायद्याची चौकटही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ अधिक ठामपणे मांडला.

येथे चाकोरी पुन्हा हजर होते, पण आता ती बैलगाडीची नसते. गावशिवारातल्या कच्च्या वाटांवर ऊस, केळी आणि मिरची भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी नव्या, अधिक रुंद आणि अधिक खोल घळ्या पाडल्या आहेत. ट्रॅक्टरची चाके उंच असल्यामुळे मधला उंचवटा त्याला जाणवत नाही, जसा तो साडेचार फुटी लाकडी चाकाला जाणवत नसे. सेडान मात्र त्या उंचवट्यावर पोटाने टेकते, आणि मापाबाहेरचा टायर घेण्यामागे खड्ड्याइतकेच हेही कारण असते. वर दिलेल्या हिशेबात व्यास ३२ मिलिमीटरने वाढला, तरी गाडीचे पोट त्याच्या निम्म्याने, म्हणजे १६ मिलिमीटरने उचलले जाते. अंगठ्याच्या रुंदीपेक्षाही ते कमी आहे, आणि दिवाळीनंतर वाळलेल्या चाकोरीचा मधला उंचवटा वीतभर असतो.